टॉवर बंद पडले तरी निरोप पोचतो

ऑगस्ट २००६ चा दुसरा आठवडा खानदेशातल्या पुष्कळ घरांना विसरता येणार नाही. तापीच्या वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला. उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. सुरत म्हणजे धुळे, नंदुरबार, जळगावच्या कष्टकऱ्यांचे दुसरे घर. लूमवर, साडीच्या कारखान्यात, बांधकामावर आपलीच माणसे. आमची मामेबहीणही तिथेच होती. नवरा लूमवर आणि पदरात दोन लहान लेकरे.

चार दिवस काही खबर नाही. आम्ही तेव्हा नुकतेच कारकून म्हणून नोकरीला लागलो होतो. सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी सुटल्यावर एसटीडी बूथवर उभे राहायचे, नंबर फिरवायचा आणि तीच घंटी ऐकून परत यायचे. मामी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "पोरगीनी खबर उनी का?" पाचव्या दिवशी एका ट्रक ड्रायव्हरने चिठ्ठी आणून दिली. सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर तीन शब्द होते, "सगळे सुखरूप आहोत." मामीला वाचता येत नव्हते. आम्ही वाचून दाखवले, तरी तिने पुन्हा दोनदा वाचायला लावले आणि मग चिठ्ठी लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवली.

तीन शब्दांना सव्वादोनशे किलोमीटर यायला पाच दिवस लागले! आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, असे पुन्हा होणार नाही, असे आपल्याला वाटते. पण वाचकहो, मोबाईल खिशात असला तरी त्याचा जीव टॉवरमध्ये असतो. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, त्यानंतर डिझेल संपेपर्यंत जनरेटर. रस्ताच पाण्याखाली असेल तर डिझेल कोण नेणार? आणि टॉवर चालू राहिला तरी हजारो माणसे एकाच वेळी फोन लावू लागली की कोणालाच लागत नाही. घरी पूर्वी तार यायची. तिची भीती वाटायची, पण तिचा आधारही होता. ती तारसेवाही १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. मग अशा वेळी निरोप न्यायचा कोणी?

हौशी रेडिओ म्हणजे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या पुतण्याने शोधून आणले. तो आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. गेल्या वर्षी तो आम्हाला नाशिकला एका सेवानिवृत्त टेलिफोन मेकॅनिककडे घेऊन गेला. त्यांच्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा सरकारी परवाना आहे. घर दोन खोल्यांचे. गच्चीवर बांबूला बांधलेली तार, खाली टेबलावर डब्याएवढा रेडिओ, एक जुना लॅपटॉप आणि टेबलाखाली मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी. एवढाच संसार.

आकाशवाणीचा रेडिओ आपण फक्त ऐकतो. हौशी रेडिओवाला ऐकतोही आणि बोलतोही. तो पैसे मिळवण्यासाठी बोलत नाही. शिकणे, प्रयोग करणे आणि वेळ पडली तर मदत करणे यासाठी त्याला ठराविक लहरी वापरण्याची परवानगी असते. प्रत्येकाला सरकारकडून एक सांकेतिक नाव मिळते. भारतातली बहुतेक नावे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक होते. त्यांचे नाव होते 'व्हीयू२आरजी'. जगात अशा एका नावाचा एकच माणूस असतो, म्हणून हे नाव म्हणजेच त्याचा पत्ता.

आम्हाला वाटले होते की हे लोक माइक धरून नुसते बोलतात. काकांनी माइकला हातही लावला नाही. त्यांनी लॅपटॉपवर दोन ओळी टाइप केल्या आणि बटण दाबले. रेडिओतून 'खर्र' असा आवाज आला, पूर्वी फॅक्स लागताना यायचा तसा. काही सेकंदांत पडद्यावर उत्तर आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या त्यांच्या परवानाधारक मित्राच्या लॅपटॉपवर ते पत्र उतरले होते. मध्ये टेलिफोन नव्हता, इंटरनेट नव्हते, कोणत्याही कंपनीचा टॉवर नव्हता.

खतावणीची बेरीज

हे होते कसे? आम्ही बी.कॉम. झालेला कारकून माणूस. आम्हाला ते आमच्या हिशेबाच्या भाषेतच समजले.

लॅपटॉप मजकुराचे लहान लहान तुकडे करतो. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक असतो. शेवटी एक आकडा असतो. पॅकेटमधल्या सगळ्या अक्षरांवरून हिशेब करून तो काढलेला असतो. मग हे सारे दोन सुरांत बदलून रेडिओवर सोडले जाते. पलीकडचे यंत्र सुरांची पुन्हा अक्षरे करते आणि तोच हिशेब स्वतः करून पाहते. आकडा जुळला तर 'मिळाले' अशी पोच देते. जुळला नाही तर पॅकेट रद्द. पोच आली नाही की पहिले यंत्र तेच पॅकेट पुन्हा पाठवते.

आमच्या रोजकीर्दीत एक रक्कम चुकली की तेरीज जुळत नाही आणि जुळेपर्यंत आम्हाला घरी जाता येत नाही. यंत्राचेही तसेच. आम्ही पाहत असताना शेजारच्या घरात पाण्याची मोटर सुरू झाली आणि रेडिओत खरखर वाढली. एक पॅकेट तीनदा पाठवावे लागले. काका हसून म्हणाले, "भाऊ, उशीर होईल, पण 'सहा'चे 'दहा' होणार नाही."

या वाक्यात सगळे मर्म आहे. पुरात खरखरत्या आवाजात कोणी पन्नास नावे वाचून दाखवली तर किती बरोबर लिहिली जातील? एका अक्षराने गावाचे नाव बदलते, एका आकड्याने जिवंत माणसांची संख्या बदलते. लिहिलेला निरोप जसा निघाला तसाच पोचतो.

संगणकांना रेडिओने जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग १९७१ साली हवाई बेटांवर तिथल्या विद्यापीठाने केला. बेटाबेटांत समुद्र असल्याने तारा टाकणे कठीण होते. १९७८ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरातल्या हौशी मंडळींनी अशी पॅकेटे पाठवून पाहिली आणि १९८० नंतर ही पद्धत जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांत पसरली. आपल्याकडे सामान्य माणसाने ई-मेल हा शब्द ऐकला त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे.

आता अंतराचे. हातात मावणाऱ्या रेडिओची लहर साधारण नजरेसारखी सरळ जाते. दर ३१ जुलैला भीमस्मृती यात्रेसाठी आपण लळिंगला लांडोर बंगल्यावर जातो. लळिंगच्या डोंगरावरून धुळे शहर दिसते, मग तिथून शहरात निरोप जाईल. डोंगराच्या आड जे गाव आहे तिथे जाणार नाही. त्यासाठी डोंगरावर मध्ये एक यंत्र ठेवतात. ते ऐकलेले पॅकेट पुढे ढकलते. सात मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरींचे वेगळे आहे. त्या आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीवर येतात आणि त्यामुळे शेकडो किलोमीटर पल्ला गाठतात. धुळ्याहून सुरत त्या टप्प्यात येते.

विनलिंक नावाची एक जगभरची व्यवस्थाही हौशी मंडळींनी उभी केली आहे. आपल्या भागातले इंटरनेट बंद असेल तर रेडिओने पत्र दूरच्या अशा केंद्राकडे पाठवायचे, जिथे इंटरनेट चालू आहे. ते केंद्र पत्र नेहमीच्या ई-मेलच्या वाटेला लावते. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिको बेटावरची वीज आणि बहुतेक मोबाईल टॉवर बंद पाडले. तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसच्या विनंतीवरून हौशी रेडिओवाले तिथे गेले. सुखरूप असलेल्या माणसांची माहिती बाहेर पोचवणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते.

पुण्याच्या मुलांचा आकाशातला डबा

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशातले. तसे नाही. याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे.

२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून इस्रोचे पीएसएलव्ही-सी३४ हे रॉकेट वीस उपग्रह घेऊन उडाले. त्यातला एक होता 'स्वयम्'. पुण्याच्या १८५४ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी तो बनवला होता. आकार सुमारे दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, वजन एक किलोपेक्षाही थोडे कमी. किराणा दुकानातून आणलेल्या साखरेच्या पुड्याएवढाच म्हणा ना! मुले शिकून बाहेर पडत, त्यांच्या जागी खालच्या वर्गातली येत. असे सुमारे आठ वर्षे काम चालले.

या उपग्रहाचे काम काय होते? हौशी रेडिओवाल्यांचे लेखी निरोप एका ठिकाणाहून घ्यायचे आणि दुसऱ्या ठिकाणी द्यायचे. म्हणजे आकाशातला पोस्टमन.

आपल्या वाचक भगिनींना हे लगेच कळेल. साक्री, शिरपूरकडच्या खेड्यातला मुलगा धुळ्याला शिकायला राहतो. आई पहाटे भाकरी थापते आणि डबा एसटीत ठेवून देते. बस गावातून निघते तेव्हा मुलगा समोर नसतो, बस धुळ्याला पोचते तेव्हा आई समोर नसते. तरी डबा पोचतो, कारण बस तो सांभाळून नेते. उपग्रहही तसाच. साधारण पाचशे किलोमीटर उंचीवरून तो सुमारे दीड तासात पृथ्वीची एक फेरी पुरी करायचा. आपल्या डोक्यावरून जाताना दहाएक मिनिटेच तो आपल्या टप्प्यात असायचा. तेवढ्यात निरोप त्याच्या हवाली करायचा. तो त्याने साठवून ठेवायचा आणि दुसऱ्या गावावरून जाताना तिथल्या माणसाने मागितला की द्यायचा, अशी योजना होती.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. आकाशात उपग्रह गटांगळ्या खात राहिला तर त्याचा अँटेना भलतीकडे वळतो. तो स्थिर ठेवायला मोठ्या उपग्रहांत वीज खाणारी यंत्रे असतात. या मुलांजवळ तेवढी वीज नव्हती, तेवढी जागाही नव्हती. त्यांनी आत एक लोहचुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे वळते तसा सगळा उपग्रहच वळावा, ही कल्पना. हेलकावे थांबवायला खास धातूच्या बारीक कांड्या. विजेचा खर्च शून्य. गरिबाच्या घरात अशी युक्ती रोज चालते. तिलाच इथे विज्ञानाची जोड मिळाली.

संकटात कोण धावले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाले आपापले संच घेऊन मदतीला गेले. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरले तेव्हाही गेले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या महिला हॅम आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्या गेल्या होत्या अंदमानातून जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधायला. जमीन हादरली, फोन बंद पडले आणि हौसेचे केंद्र संकटाचे केंद्र झाले. बेटांवरच्या माणसांची खबर त्यांच्या रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचू लागली. एकेका नावामागे एकेक घर डोळे लावून बसले होते. आमची मामी बसली होती तसे.

काकांनी आमचा निरोप नाकारला

नाशिकला आम्ही काकांना म्हणालो, "आमचाही एक निरोप पाठवा ना, सुरतेला बहिणीला." काकांनी मान हलवली. म्हणाले, "भाऊ, तुमचा निरोप मला नेता येणार नाही. परवाना माझा आहे, तुमचा नाही."

आम्हाला जरा राग आला. मग त्यांनी नियम समजावला. हौशी रेडिओवर परवानाधारकांनी आपसातच बोलायचे. तिऱ्हाईताचे निरोप न्यायचे नाहीत, धंद्याचे बोलायचे नाही, गुप्त भाषा वापरायची नाही. १९७८ च्या नियमांनी एक वाट मोकळी ठेवली होती. भूकंप, पूर, चक्रीवादळ, मोठी आग अशा वेळी नेहमीची संपर्क साधने बंद पडली तर जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्याकडून निघालेले किंवा त्यांच्याकडे जाणारे निरोप नेता येत.

वाचकहो, या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. संकटात साहेबाचा निरोप आधी जातो. ते योग्यही आहे, बचावाच्या होड्या आणि औषधे त्यानेच येतात. पण नदीकाठच्या झोपडीतल्या बाईची खबर त्या निरोपात शिरायची असेल, तर तिचे नाव कोणीतरी यादीत लिहिले पाहिजे आणि ती यादी वेळेवर अधिकाऱ्यापर्यंत नेली पाहिजे. आणि वस्तीतल्याच कोणाकडे परवाना असेल तर? मग तो दारात ताटकळणारा तिऱ्हाईत राहत नाही. यंत्रापाशी बसलेला माणूस आपल्यातला असतो. कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते, कोणत्या घरात म्हातारे एकटे आहेत, हे त्याला विचारावे लागत नाही.

थोडक्यात लिहायची सवय

या यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. साध्या पॅकेट रेडिओचा वेग सेकंदाला सुमारे दीडशे अक्षरे. मोबाईलवरचा तीन एमबीचा एक फोटो पाठवायचा तर साडेपाच तास लागतील. फोटो विसरा. लग्नपत्रिका विसरा. पूर्वी तारेत शब्दाला पैसे पडत म्हणून माणसे मोजून लिहीत, तसे इथे लिहावे लागते.

एपीआरएस नावाची एक लहान निरोपाची पद्धत आहे. तिच्यात एका निरोपात ६७ रोमन अक्षरे मावतात. आता हा निरोप पाहा : "सगळे सुखरूप. ६ जण. शाळेत आहोत. पिण्याचे पाणी हवे." रोमन लिपीत लिहिला तर जागा सोडलेल्यासुद्धा धरून हा ५५ अक्षरांत बसतो. देवनागरीत मात्र संगणक आपल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि काना-वेलांटीला तीन तीन घरे देतो. तोच निरोप मग १२३ घरे खातो. आपल्या भाषेला असा तिप्पट आकार पडतो. म्हणून संकटापुरते रोमन लिपीत मराठी लिहिणे व्यवहाराचे ठरते. पण देवनागरी कमी जागेत बसवण्याची युक्ती शोधणे हे एखाद्या हुशार मुलीला उत्तम काम आहे.

यंत्र नसले तरी ही सवय घरात आजच लावता येईल. मुलांना सांगा, संकटाचा निरोप लिहायचा तर पाच गोष्टी लिहा : कोण, किती जण, कुठे, कसे आहेत, काय हवे. शेवटी तारीख आणि वेळ. घाबरल्यावर माणूस पानभर लिहितो आणि कुठे आहे तेवढेच लिहायचे राहते.

परीक्षेला पदवी लागत नाही

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. त्यासाठी परीक्षा असते. विषय दोन, वीज व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम. वरच्या श्रेणीला मोर्सची कट्ट-कडकट्टही यावी लागते, खालच्या श्रेणीला ती लागत नाही. किमान वय बारा वर्षे. पदवीची अट नाही. बारा वर्षांची मुलगी जी परीक्षा देऊ शकते, ती आपल्या आयटीआयच्या पोराला जड का जावी?

एक सावधगिरी मात्र बाळगा. परवान्याशिवाय असे प्रक्षेपण करणे गुन्हा आहे. बाजारात स्वस्त वॉकी-टॉकी दिसली म्हणून मुलांच्या हातात देऊ नका. पोलिसांच्या किंवा विमानांच्या लहरीत चुकून ढवळाढवळ झाली तर हौस महागात पडेल. आधी परीक्षा, मग परवाना, मग यंत्र. यंत्रही एकट्याने घ्यायची गरज नाही. चार घरांनी, मंडळाने, वाचनालयाने मिळून एक घेतले तरी पुरे. मात्र ते चालवणाऱ्याकडे परवाना हवाच.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात सध्या रविवारी संध्याकाळी पाच मुले बसतात. त्यात दोन मुली आहेत. पुतण्या शिकवतो, आम्ही नियमांचे पुस्तक वाचून दाखवतो. कारकुनाला नियम वाचायची सवय असतेच. परवाच एका मुलीने आम्हाला अडवले. म्हणाली, "काका, परवाना आम्हाला मिळेल. पण सुरतेला आमचा निरोप घेणार कोण?"

आम्ही निरुत्तर झालो. पत्राला जसा घेणारा लागतो तसा रेडिओलाही लागतो. एक टोक धुळ्याला उभे राहील. दुसरे टोक सुरतेच्या चाळीत हवे, मधली टोके साक्रीला, नवापूरला, नंदुरबारला हवीत. ही ओळी वाचणारे कितीतरी हात तिथे आहेत. दिवसा लूम चालवणारे, रात्रीच्या शाळेत शिकणारे. त्यांच्यापैकी कोणी परीक्षेला बसले तर त्यांनी या साप्ताहिकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावे.

मामी आता थकली आहे. तिची ती चिठ्ठी कधीच विरून गेली. परवा तिला आम्ही हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आता पाच दिवस लागणार नाहीत?" आम्ही म्हणालो, "दोन्हीकडे शिकलेला माणूस बसला, तर नाही लागणार."